तीन वादक आणि एक माकड
(वेलास्केझच्या उमेदवारीच्या काळातील एका चित्राचा पुनर्विचार)

बर्लिनच्या गेमेल्डेगालरी या संग्रहालयात दिएगो वेलास्केझचे ‘तीन वादक’ या नावाने ओळखले जाणारे एक तैलचित्र आहे. उंची सुमारे ८७ सेंटिमीटर, रुंदी सुमारे ११० सेंटिमीटर. राजवाड्यातील भव्य चित्रांच्या मानाने ते लहानच. १६१७-१८ च्या सुमारास ते रंगवले गेले, तेव्हा चित्रकार अठरा वर्षांच्या आसपासचा होता. १९०६ साली ते बर्लिनच्या संग्रहात आले. ‘लास मेनिनास’ पाहायला माद्रिदला जाणाऱ्यांची रीघ लागते. या चित्रापुढे तशी गर्दी होत नाही. वेलास्केझवरील ग्रंथांतही पहिल्या काही पानांत त्याची दखल घेतली जाते आणि लेखक पुढे सरकतो. थोर चित्रकाराचा कच्चा आरंभ, एवढेच त्याचे स्थान.

चित्रात एक लहानसे मेज आहे. त्यावर पांढरे कापड, पाव, चीज, चीजवर टेकवलेली सुरी आणि वाइनचा पेला. मेजाभोवती तिघे जण. दोन प्रौढ पुरुष गात-वाजवत आहेत. एकाच्या हाती गिटार, दुसऱ्याच्या हाती व्हायोलिन. त्यांचे आपल्याकडे लक्ष नाही. डावीकडे एक पोरगा आहे. त्याने वाद्य काखेत धरले आहे, हातात पेला आहे आणि तो थेट आपल्याकडे पाहून हसतो आहे. त्याच्या मागे अंधारात एक माकड, हातात फळ घेऊन. उजेड डावीकडून येतो, चेहऱ्यांवर आणि हातांवर पडतो आणि बाकीचे सगळे तपकिरी काळोखात सोडून देतो.

या चित्राचा रूढ अर्थ असा : हा एक विनोद आहे. माकड हे युरोपीय चित्रपरंपरेत मूर्खपणाचे, इंद्रियलोलुपतेचे, माणसाची नक्कल करणाऱ्या प्राण्याचे चिन्ह. पोराच्या हातातला पेला वाइनचा परिणाम सुचवतो. म्हणजे हलक्या दर्जाचे गाणे, हलक्या दर्जाची माणसे आणि त्यांच्याकडे पाहून हसणारा शहाणा प्रेक्षक. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे असे मला वाटते. चित्रातील माकड जे सांगते आणि मेजावरचा पाव जे सांगतो, त्यांत मेळ नाही. हा न जमलेला मेळच या चित्राचे खरे मर्म आहे, हे दाखवण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१

आधी हे चित्र ज्या प्रकारात मोडते त्याचे नाव पाहू. स्पॅनिश भाषेत अशा चित्रांना ‘बोदेगोन’ म्हणतात. आज हा शब्द सर्रास स्थिरचित्रासाठी वापरला जातो. मुळात मात्र ते जागेचे नाव होते. सेबास्तियान दे कोवारुबियासचा कास्तिलियन भाषेचा प्रसिद्ध कोश १६११ साली निघाला. त्यात बोदेगोन म्हणजे तळघरातली किंवा तळमजल्यावरची अशी जागा, जिथे घरी रांधून घालणारे कोणी नसलेल्या माणसाला तयार जेवण मिळते, अशा आशयाची नोंद आहे. आपल्याकडच्या खानावळीची व्याख्या याहून फार वेगळी करता येणार नाही. म्हणजे ‘बोदेगोन’ या शब्दातच एक सामाजिक अवस्था दडलेली आहे. ज्याचे घर नाही, किंवा घर आहे पण चूल नाही, अशा माणसांची ही जागा.

आणि अशी माणसे त्या काळच्या सेव्हिल शहरात अमाप होती. १५०३ मध्ये तिथे ‘कासा दे कोन्त्रातासियोन’ स्थापन झाले आणि अमेरिकेशी होणारा सगळा व्यापार कायद्याने त्या एका शहरातून चालू लागला. चांदीने भरलेली जहाजे ग्वादालकिबिर नदीतून वर येत. चांदीमागोमाग व्यापारी आले, खलाशी आले, गुलाम आले, पोटासाठी भटकणारी पोरेही आली. मातेओ आलेमान या सेव्हिलमध्येच जन्मलेल्या लेखकाची ‘गुस्मान दे आल्फाराचे’ ही भटक्या भामट्याची कादंबरी १५९९ साली प्रसिद्ध झाली. वेलास्केझचा जन्मही त्याच वर्षीचा. सर्वांतेसची ‘रिन्कोनेते आणि कोर्तादिल्यो’ ही गोष्ट १६१३ साली छापली गेली. ती सेव्हिलच्या चोरांच्या एका टोळीत घडते. तिच्यात एक प्रसंग आहे. टोळीतल्या लोकांना गाण्याची लहर येते आणि वाद्य तर जवळ नाही. मग एक बाई पायातले पादत्राण काढून त्यावर ठेका धरते, दुसरी केरसुणी खरवडते आणि टोळीचा म्होरक्या बशी फोडून तिच्या तुकड्यांचे टाळ करतो. तिथे जमलेल्या दोन्ही पोरांना या वाद्यमेळाचे नवल वाटते.

वेलास्केझच्या चित्रातले तिघे चोर नाहीत आणि त्यांच्याकडे खरी वाद्ये आहेत. पण सर्वांतेसचा वाचक आणि या चित्राचा प्रेक्षक एकाच शहरात, एकाच दशकात राहत होते. खालच्या वर्गाचे संगीत हा त्यांच्यासाठी करमणुकीचा विषय आधीच झाला होता.

२

आता वाद्यांकडे येऊ. पोराच्या काखेतल्या वाद्याला अभ्यासक कधी गिटार म्हणतात, कधी विहुएला. आज आपल्याला हा फरक किरकोळ वाटेल. त्या काळच्या स्पेनमध्ये तो तसा नव्हता.

विहुएला हे सोळाव्या शतकातले प्रतिष्ठित वाद्य. लुईस मिलान या दरबारी वादकाचे ‘एल माएस्त्रो’ हे विहुएलाचे पुस्तक १५३६ साली निघाले. त्या परंपरेतले शेवटचे छापील पुस्तक १५७६ चे आहे. त्यानंतर विहुएला मागे पडत गेली. १५९६ साली खुआन कार्लोस आमात या वैद्याने गिटारवर एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यात काय होते? एकेक तार छेडून गुंफलेल्या स्वररचना त्यात नव्हत्या; हाताने सगळ्या तारा एकदम कशा झणकारायच्या आणि कोणत्या गाण्याला कोणते स्वरसमूह लागतात, याची सोपी रीत होती. थोडक्यात, गुरूच्या पायाशी वर्षे न काढता चार दिवसांत साथ करता यावी अशी सोय. पुस्तिका पुढे पुन्हा पुन्हा छापली गेली.

कोवारुबियासला हा बदल मुळीच मानवला नव्हता. आपल्या कोशात विहुएलाच्या नोंदीत त्याने गिटारवर चांगलेच तोंडसुख घेतले आहे. गिटार आल्यापासून विहुएला शिकणारे उरले नाहीत, गिटार म्हणजे गुरांच्या गळ्यातली घंटा, आणि आता तबेल्यातला प्रत्येक पोरगा स्वतःला वादक समजतो, अशी त्याची तक्रार. कोशकाराने शब्दाचा अर्थ देता देता असे मन मोकळे करावे, यातच त्या वेळच्या अभिजनांची बेचैनी दिसते. वाद्य सोपे झाले, म्हणून ते खाली उतरले. खाली उतरले, म्हणून ते वाईट झाले. व्हायोलिनचीही तेव्हा फार मोठी शान नव्हती. नाचाला साथ करणाऱ्या मोलकरी वादकाचे ते हत्यार होते.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चित्रात कुठेही स्वरलिपीचा कागद नाही. याच्या वीसेक वर्षे आधी रोममध्ये काराव्हाज्योने रंगवलेला ‘ल्यूटवादक’ पाहावा. ते चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. त्यात वादकासमोर उघडलेल्या वहीतले सूर इतके स्पष्ट आहेत की, ते आर्काडेल्टच्या माद्रिगालांचे आहेत हे अभ्यासकांना ओळखता आले. तिथले संगीत शिकलेल्या धर्माधिकाऱ्याच्या दिवाणखान्यातले. फुले, फळे, कोवळा तरुण आणि वाचता येणारे सूर. सेव्हिलच्या वादकांपुढे सुरांच्या वहीच्या जागी पाव ठेवलेला आहे.

३

हा पाव कोणाचा? माझ्या मते हा प्रश्न चित्र पाहताना पहिल्याने विचारायला हवा. तिघे खानावळीतले गिऱ्हाईक आहेत, जेवता जेवता मजेने गात आहेत, असे म्हणता येईल. पण दोघे प्रौढ पुरुष ज्या एकाग्रतेने गात-वाजवत आहेत, ती फुरसतीतली मजा वाटत नाही. दोघांनीही अन्नाला हात लावलेला नाही. मेजावरचे अन्न त्यांचे जेवण असण्यापेक्षा त्यांची बिदागी असावी, असे चित्र पाहून वाटते. एका घरात गा, चार घास खा, पुढे चला. असे वाचले की पोराचा पेलाही वेगळा दिसू लागतो. तो नुसता व्यसनाचा इशारा उरत नाही. मिळालेल्या मोबदल्याचा पहिला घोट होतो.

वेलास्केझने या अन्नावर किती कष्ट घेतले आहेत ते पाहण्यासारखे आहे. पावाचा कडक पापुद्रा, कापडाच्या घड्या, काचेतून दिसणारी वाइन, सुरीची सावली. हीच नजर त्याच्या १६१८ च्या ‘अंडी तळणारी वृद्धा’ या चित्रात अधिक पक्व होते. एडिंबराच्या संग्रहालयातल्या त्या चित्रात तेलातल्या अंड्याचा पांढरा भाग गोठू लागण्याचा क्षण पकडला आहे. त्यानंतरचा ‘सेव्हिलचा पाणीवाला’ लंडनच्या ॲप्सली हाउसमध्ये आहे. त्यात मातीच्या मोठ्या भांड्यावरून ओघळलेले पाण्याचे थेंब आणि म्हाताऱ्याचा फाटका अंगरखा यांना चित्रकाराने सारखाच मान दिला आहे. त्या पाणीवाल्याला कोणी हसत नाही. तिथे माकड नाही.

‘तीन वादक’ त्या उंचीचे चित्र नाही, हे मान्यच करायला हवे. तिन्ही आकृती वेगवेगळ्या रेखून मग एकत्र बसवल्यासारख्या वाटतात. मेजाभोवती त्यांना पुरेशी जागा नाही. पोराचा चेहरा आणि वादकांचे चेहरे एकाच क्षणातले वाटत नाहीत. हर्मिटाजमधल्या ‘न्याहारी’ या त्याच सुमाराच्या चित्रातही हा सांधा दिसतो, पण तिथे तो कमी खटकतो.

मात्र हा सांधा नुसता नवशिकेपणाचा आहे का? मला त्यात आणखी काही दिसते. माकड आणि हसू ही हाती आलेली रीत होती. फ्लँडर्सच्या आर्टसन आणि ब्यूकलार यांच्या स्वयंपाकघरांच्या चित्रांवरून केलेली छापचित्रे स्पेनमध्ये पोचली होती. खालच्या वर्गाला गमतीदार दाखवायची सवय त्यांतूनही आली होती. पाव आणि हात मात्र या मुलाने स्वतः पाहिले होते. एका चित्रात दोन नजरा आल्या, आणि त्या एकमेकींत मिसळल्या नाहीत.

४

या हसण्याविषयी एक पुरावा वेलास्केझच्या गुरूच्याच लेखनात आहे. फ्रान्सिस्को पाचेको हा सेव्हिलचा विद्वान चित्रकार. १६११ साली झालेल्या करारानुसार वेलास्केझ त्याच्याकडे उमेदवार म्हणून राहिला, १४ मार्च १६१७ रोजी त्याने चित्रकारांच्या संघटनेची परीक्षा दिली, आणि १६१८ च्या एप्रिलमध्ये पाचेकोच्या मुलीशी, खुआनाशी, त्याचे लग्न झाले. पाचेकोचा ‘चित्रकला’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६४९ साली प्रसिद्ध झाला. त्यात तो सांगतो की, तरुण वेलास्केझने एका खेडूत पोराला पैसे देऊन समोर बसवण्यासाठी ठेवले होते. कधी रडताना, कधी हसताना, निरनिराळ्या अवस्थांत तो त्याला रेखाटत असे.

या माहितीचा उपयोग बहुधा वेलास्केझची मेहनत सांगण्यासाठी केला जातो. तिचा दुसरा अर्थ कोणी फारसा काढत नाही. त्या पोराला हसण्याचे पैसे मिळत होते. रडण्याचेही मिळत होते. बर्लिनच्या चित्रातला चेहरा कोणाचाही असो, ते हसू कामाचा भाग म्हणून चेहऱ्यावर धरून ठेवलेले आहे. एकदा हे ध्यानात आले की, चित्रातल्या ताठरपणाचा उलगडा होतो. पोरगा आपल्याला हसत नाही, मित्रांनाही हसत नाही. तो हसण्याचे काम करतो आहे, जसे त्याच्या शेजारचे दोघे गाण्याचे काम करत आहेत. तेव्हा मेजाभोवतीचे तिघेही वादक ठरोत वा न ठरोत, तिघेही रोजंदारीवरचे कलावंत आहेत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अशी चित्रे विकत घेणारे लोक गरीब नव्हते. ‘पाणीवाला’ हे चित्र हुआन दे फोन्सेका या धर्माधिकाऱ्याच्या मालकीचे होते. १६२७ साली त्याच्या मृत्यूनंतर मालमत्तेची यादी झाली तेव्हा वेलास्केझनेच त्याची किंमत ४०० रेआल ठरवली. म्हणजे दारिद्र्याचे चित्र श्रीमंताच्या भिंतीवर टांगले गेले. चित्रकाराची सहानुभूती आपण आज त्यात घालतो, असे कोणी म्हणाले तर त्याला खोटे ठरवता येणार नाही. पण मी वेलास्केझच्या हृदयाविषयी बोलत नाही. कॅनव्हासवर कुठे किती वेळ खर्च झाला, एवढेच मोजतो आहे. माकड झटपट उरकले आहे. पाव झटपट उरकलेला नाही.

५

हे सगळे इतक्या तपशिलाने पाहायचे कारण असे, की वादकाच्या आणि चित्रकाराच्या स्थानात तेव्हा फार अंतर नव्हते. १६१७ च्या परीक्षेने वेलास्केझला दुकान मांडण्याचा आणि शिकाऊ मुले ठेवण्याचा परवाना मिळाला. १६२० साली त्याने एक मुलगा उमेदवार म्हणून घेतलाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो कारागीर होता. विसेन्ते कार्दूचोने १६३३ साली माद्रिदमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात क्षुद्र विषय रंगवून थोर कलेला कमीपणा आणणाऱ्यांवर कोरडे ओढले. पाचेकोने जावयाची बाजू घेतली : बोदेगोन आदराला पात्र आहेत, अट एवढीच की ते माझ्या जावयासारखे रंगवलेले असावेत.

१६२३ साली वेलास्केझ चौथ्या फेलिपेचा चित्रकार झाला आणि खानावळ मागे पडली. पण दरबारातही तो ज्यांना खिळून पाहत राहिला, त्यांत लोकांना हसवण्यासाठी पगार घेणारी माणसे आहेत. प्रादोमधला ‘पाब्लो दे वायादोलिद’ हा विदूषक पाहा. मागे ना भिंत ना जमीन. नुसता माणूस आणि त्याची सावली. पाब्लो हात पसरून जणू काही म्हणून दाखवतो आहे. बर्लिनच्या पोरामागे जे माकड होते, त्याची गरज आता चित्रकाराला उरलेली नाही.

स्वतः वेलास्केझला मात्र आपल्या हातांचा इतिहास पुसावा लागला. सान्तियागोच्या सरदारवर्गात प्रवेश मिळण्यासाठी घराण्याची चौकशी झाली. हा माणूस पोटासाठी चित्रे विकत नव्हता, राजाच्या संतोषासाठी रंगवत होता, अशा साक्षी घेण्यात आल्या. साक्षीदारांत सुर्बारान आणि आलोन्सो कानो हे चित्रकारही होते. एवढे होऊनही घराण्याचे उच्चपण सिद्ध झाले नाही. अखेर पोपची सवलत आणावी लागली. नोव्हेंबर १६५९ मध्ये त्याला तो मान मिळाला आणि ६ ऑगस्ट १६६० रोजी तो वारला. अठराव्या वर्षी ज्याने मोबदल्यासाठी गाणारी माणसे रंगवली, त्याच्यासाठी साठाव्या वर्षी शपथेवर सांगावे लागले, की याने कधी मोबदल्यासाठी काम केले नाही.

६

मराठी वाचकाला हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगालच्या गादीवर एकच राजा होता. म्हणजे १६१८ साली सेव्हिल आणि गोवा दोन्ही एकाच मुकुटाखाली होते. इबेरियातून आलेले संगीत गोव्यात चर्चच्या शाळांतून रुजले आणि पुढे तिथून व्हायोलिन शिकून निघालेले वादक विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावे आज जाणकारांना ठाऊक आहेत. त्यांच्याबरोबर वाजवणाऱ्या शेकडोंची नावे तबकड्यांवर छापली गेली नाहीत. सेव्हिलच्या तिघांपुढे स्वरलिपी नव्हती. गोव्याच्या वादकांना ती अस्खलित वाचता येत होती. तरी अनामिकपणा दोघांच्याही वाट्याला आला. तेव्हा कोवारुबियास समजत होता तसा शिकलेले आणि न शिकलेले हा खरा भेद नसावा. कोण वाजवतो आणि कोण बिदागी देतो, हा भेद जास्त टिकाऊ ठरला.

वेलास्केझच्या अखेरच्या वर्षांतील ‘सूत कातणाऱ्या’ या चित्रात पुढच्या अंधाऱ्या भागात बायका काम करत आहेत. मागे उजेडाच्या दालनात उंची वस्त्रे ल्यालेल्या स्त्रिया आहेत आणि तिथे एक मोठे तंतुवाद्य नुसते टेकून ठेवले आहे. ते कोणी वाजवत नाही. वाजवणारे हात पाहायचे असतील तर चाळीस वर्षे मागे, बर्लिनच्या त्या लहान चित्रापाशी जावे लागते. त्यात चुका आहेत, उसना विनोद आहे, माकडही आहे. ते एकदा पाहून झाले, की मेजावरच्या पावाकडे सावकाश पाहावे. गाणे अजून संपलेले नाही, आणि वादक अजून जेवलेले नाहीत.